वारा बघून किनारा निवडा: बँकॉक ते पेनांग, रूळांवरून आणि होडीतून

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही नवरा-बायको, तिशीतले, पाठीवर सॅक. 1 डिसेंबरला बँकॉकला उतरणार, 21 ला क्वालालंपूरहून मुंबई. मध्ये एकही विमान न घेता को ताओ, को फांगान, क्राबी, को लिपे, लंकावी, पेनांग आणि शेवटी पेरहेंतियान, हे जमेल का? दोघांना मिळून दिवसाला किती लागतील? मी शाकाहारी आहे आणि बायकोला पोहता येत नाही."

जमणार नाही. दिवस थोडे कमी पडतातच, पण खरी अडचण दिवसांची नाही. तुम्ही यादी नकाशा बघून केली आहे. ही यादी वारा बघून करायची असते.

पेरहेंतियान, म्हणजे मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची बेटं, आधी खोडा. डिसेंबरात तिकडच्या होड्या बंद, बहुतेक राहण्याच्या जागांना कुलूप. मग थायलंडच्या पूर्वेकडची को ताओ आणि को फांगान. ती उघडी असतात, पण डिसेंबराच्या सुरुवातीला तिथं तीन दिवस पाऊस आणि चौथ्या दिवशी खवळलेल्या समुद्रामुळे बोट रद्द, असं सहज होतं. राहिली पश्चिमेची बाजू. ती त्याच दिवसांत इतकी स्वच्छ असते की माणसाला आपण दुसऱ्याच देशात आलो असं वाटावं.

याचं कारण आपल्याला समजायला सोपं आहे. माझं आजोळ श्रीवर्धनचं. ज्येष्ठात होड्या वर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात पाऊल टाकायचं नाही, हे मी लहानपणापासून बघत आलो. आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस कोसळत असतो तेव्हा चेन्नई बऱ्यापैकी कोरडी असते, आणि आपली दिवाळी उरकली की ईशान्येच्या वाऱ्याने चेन्नई बुडते. थायलंडचं दक्षिणेकडचं शेपूट म्हणजे हेच चित्र, फक्त अंगचोर. क्रा संयोगभूमीत त्याची रुंदी पन्नास किलोमीटरसुद्धा भरत नाही. पश्चिमेला अंदमान समुद्र: फुकेत, क्राबी, लांता, लिपे. हे त्यांचं कोकण. मे ते ऑक्टोबर पाऊस. पूर्वेला थायलंडचं आखात: समुई, फांगान, ताओ. हा त्यांचा चोळमंडल किनारा. ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, नोव्हेंबर सर्वांत वाईट. मलेशियाचा पूर्व किनारा, म्हणजे पेरहेंतियान, याच वाऱ्याच्या आणखी तोंडावर. तिथं साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुकान बंद.

म्हणून शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत कुणी विचारलं तर मी उलटं सांगतो: को ताओ आणि पेरहेंतियानला जा, क्राबीकडे बघू नका. एजंट मात्र बारा महिने क्राबीच विकतो, कारण फोटो बारा महिने तोच असतो. पावसाळ्यात स्वस्त मिळतं म्हणून अंदमान समुद्रात बोटीने भटकणाऱ्यांना मी एक तारीख सांगतो: 5 जुलै 2018. त्या दिवशी फुकेतजवळ पर्यटकांची एक बोट वादळात उलटली आणि 47 माणसं गेली. सिमिलान बेटं सरकार दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतं. प्रवाळाला विसावा हा त्यातला एक भाग, समुद्र हा दुसरा.

तुमच्या तारखांना बसणारा मार्ग असा: बँकॉकला एक रात्र, एक रात्र गाडीत, को लांता चार, को मुक तीन, को लिपे चार, लंकावी दोन, पेनांग चार, क्वालालंपूर एक. वीस रात्री. पाच बेटं, एक सीमा, सगळं एकाच किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे सरकत जायचं, कुठेही उलटं फिरायचं नाही. क्राबी मी मुद्दाम वगळलंय. तिथले चुनखडीचे कडे सुंदर आहेत यात वाद नाही, पण डिसेंबरात तिथं होडीपेक्षा होडीची रांग जास्त दिसते.

बँकॉकहून निघायचं रात्रीच्या गाडीने, त्रांगपर्यंत. जुन्या लोकांनी तुम्हाला हुआ लाम्फोंग स्टेशन सांगितलं असेल. लांब पल्ल्याच्या गाड्या 19 जानेवारी 2023 पासून तिथून सुटत नाहीत, त्या क्रुंग थेप अपिवात या नव्या स्टेशनातून सुटतात, ज्याला टॅक्सीवाला अजून बांग स्यू म्हणतो. दोन्हींत सात-आठ किलोमीटरचं अंतर आहे आणि मध्ये बँकॉकची संध्याकाळ आहे, तेव्हा हे नीट लक्षात ठेवा. तिकीट रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढा आणि लवकर काढा. 5 डिसेंबर आणि 10 डिसेंबर या दोन्ही दिवशी थायलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, जोडून शनिवार-रविवार आला की दक्षिणेकडच्या गाड्या गणपतीच्या कोकणकन्येसारख्या भरतात.

थाई स्लीपर आपल्याला गंमत वाटावी असा. आपल्यासारखे आडवे कप्पे नाहीत. डब्याच्या दोन्ही अंगांना आपले साइड लोअर, साइड अपर असतात तसे बर्थ, आणि मधून सरळ वाट. रात्री अटेंडंट येतो, समोरासमोरच्या दोन खुर्च्या ओढून एकमेकींना भिडवतो, वरचा बर्थ किल्लीने खाली उतरवतो, प्लॅस्टिकच्या पिशवीतून धुतलेली चादर काढून ताणून बसवतो, उशीला अभ्रा, मग पडदा. एका बर्थला दोन-तीन मिनिटं, बोलणं शून्य. मी दरवेळी उभा राहून बघतो. खालचा बर्थ वरच्यापेक्षा रुंद असतो आणि त्याचे थोडे पैसे जास्त पडतात, ते द्या. वरच्याला दिव्याचा उजेड आणि एसीचा झोत दोन्ही थेट लागतात. कानटोपी हसण्यावारी नेऊ नका. आणि गाडीत दारू चालत नाही, 2014 पासून बंदी आहे. स्टेशनवरून बिअर घेऊन चढायचा बेत असेल तर तो तिथंच संपवा.

गाडीऐवजी रात्रीची स्वस्त टूरिस्ट बस घेण्याचा मोह होईल. बँकॉकच्या खाओसान रोडच्या कुठल्याही टपरीवर 'बस अधिक बोट' असं जोडतिकीट मिळतं. 2011 मध्ये मीही घेतलं होतं. बॅग बसच्या पोटात, मी वर. सकाळी सुरत थानीला उतरलो, बॅगेची कुलूपं जागच्या जागी, सगळं घडी करून जसंच्या तसं, फक्त आतल्या पाऊचमधले 200 डॉलर नव्हते. सामानाच्या कप्प्यात माणूस बसवून रात्रभर बॅगा चाळायच्या, असा हा धंदा. चोराने माझे मोजे माझ्यापेक्षा नीट गुंडाळून ठेवले होते. पैसे, पासपोर्ट, औषधं ही पोटाशी, बस कोणतीही असो. बसच हवी असेल तर साय ताई माय या दक्षिण बसस्थानकावरून सरकारी किंवा परवान्याची बस घ्या.

त्रांग स्टेशनबाहेरच लांताला जाणाऱ्या व्हॅनवाल्यांची ऑफिसं आहेत. तिथं तुमच्या शर्टावर एक रंगीत स्टिकर चिकटवतील. तो काढू नका. पुढचा सगळा दिवस तुम्हाला नाव नसतं, स्टिकर असतो. हिरवा म्हणजे अमुक धक्का, पिवळा म्हणजे अमुक हॉटेल, आणि ज्या पोराने तो लावला त्याच्याशिवाय कुणालाच अर्थ माहीत नसतो, तरी माणूस नेमका पोहोचतो. मला ही व्यवस्था फार आवडते. आपल्या डबेवाल्यांच्या खुणांची ही धाकटी बहीण.

को लांता लांबलचक आणि निवांत. पश्चिमेला एकापाठोपाठ किनारे, जितकं दक्षिणेला जाल तितकी गर्दी कमी, पूर्वेला लाकडी घरांचं जुनं गाव. तिथं चार दिवस काय करायचं हे मी सांगायला नको, काही केलं नाही तरी चालतं.

को मुक मात्र माझं लाडकं. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो, कारण तुमच्या बायकोच्या पोहण्याचा प्रश्न तिथंच सुटतो. गाव मुख्यतः मुसलमान कोळ्यांचं आहे. किनाऱ्यावर काय घालायचं ते घाला, गावातून चालताना वर एक शर्ट चढवा. कुणी काही बोलत नाही, पण घरासमोर बसलेल्या म्हाताऱ्या मान फिरवतात, ते बरं दिसत नाही.

लांता, मुक, लिपे ही बेटं जोडणाऱ्या स्पीडबोटी साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतात. लांताहून लिपे तीन-साडेतीन तास, मध्ये मुकला उतरता येतं. बोटीत नाकाकडच्या बाकावर बसू नका, कितीही वारा छान लागो. लाटेवर आपटते ती बाजू तीच, आणि तीन तासांनी माणूस उतरतो तो कण्यावर हात ठेवून. मागे, इंजिनांच्या जवळ, इंधनाचा वास सोसून बसा. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

आता लिपे, आणि तुमची सीमा. लिपे हे सातून प्रांतातलं टिकलीएवढं बेट, तारुताओ राष्ट्रीय सागरी उद्यानाच्या कुशीतलं. उराक लावोई हे समुद्रावर जगणारे लोक इथले मूळचे, रिसॉर्टं नंतरची. पाताया, सनराइज आणि सनसेट असे तीन किनारे, एकीकडून दुसरीकडे पायी पंधरा-वीस मिनिटं. पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळाशी दिसते. महाग आहे. लांतामध्ये ज्या खोलीला 800 बाथ दिलेत तिला इथं डिसेंबरात दुप्पट मोजाल. तरी चार रात्री ठेवाच.

लिपेहून लंकावीला फेरी जाते, पण फक्त हंगामात, आणि तुमच्या तारखांना ती चालू असते. एवढ्या मजेशीर आंतरराष्ट्रीय सीमा मी फार कमी पाहिल्यात. पाताया किनाऱ्याच्या एका टोकाला, वाळूला लागूनच, इमिग्रेशनचं छोटं ऑफिस. दोन तास आधी जायचं. बाहेर फेरी कंपनीचं टेबल, तिथं तिकीट दाखवायचं, मग खिडकीत पासपोर्ट, समोर छोटा कॅमेरा, शिक्का. शिक्का मारणाऱ्याच्या पायांत बूट आणि तुमच्या पायांत वाळू. त्यानंतर पुष्कळदा फेरी कंपनीचे लोक पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात आणि पलीकडे उतरल्यावर एकेक नाव पुकारून परत देतात. पहिल्या वेळी माझ्या पोटात गोळा आला होता. घाबरू नका, पण आपल्या पासपोर्टवर थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का उमटला आहे हे डोळ्यांनी बघूनच तो हातातून सोडा. मग गुडघाभर पाण्यातून लांबशेपटी होडीत चढायचं, ती खोल पाण्यात उभ्या असलेल्या मोठ्या बोटीला भिडते, आणि डोलणाऱ्या एका होडीतून डोलणाऱ्या दुसऱ्या बोटीत सॅकसकट पाय टाकायचा. सॅक आधी द्या, मग स्वतः जा. हाफपँट घाला, चपला हातात. तास-दीड तासात लंकावी. मधल्या पाण्यात कुठेतरी एक तास हरवतो: मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे, आपल्या अडीच.

तिकीट काढताना लंकावीत कुठे उतरवणार ते विचारा, कुआह की तेलागा. दोन्ही धक्के बेटाच्या विरुद्ध टोकांना आहेत, आणि टॅक्सीवाल्याला तुमची चूक दुरून ओळखू येते.

समुद्र खवळला आणि फेरी रद्द झाली तर? होतं कधीमधी. मग लिपेहून स्पीडबोटीने मुख्य भूमीवरचा पाक बारा धक्का, व्हॅनने हाट याई, तिथून गाडीने किंवा व्हॅनने सीमेवरचं पादांग बेसार. तिथली व्यवस्था शहाण्यासारखी आहे. स्टेशन मलेशियाच्या हद्दीत, पण थाई आणि मलेशियन दोन्ही खिडक्या एकाच इमारतीत. एका खिडकीतून बाहेर, चार पावलांवर दुसऱ्या खिडकीतून आत, पुढे जिना चढून बटरवर्थची लोकल, दोन तासांच्या आत पेनांगच्या समोर. तिथं मी एकदा माती खाल्ली आहे. फोनमध्ये सिमकार्ड थाई, त्यामुळे घड्याळही थाई, भिंतीवरचं वेळापत्रक मलेशियाचं. पन्नास मिनिटं आहेत म्हणून निवांत चहा घेत बसलो आणि खालून गाडी निघून गेलेली. या वाटेचा आणखी एक धोका तुमच्या महिन्यात येतो: हाट याई हे सखल शहर आहे, आणि 2025 च्या नोव्हेंबराच्या उत्तरार्धात ते पाण्याखाली गेलं, रेल्वेही तुटली. निघायच्या आठवड्यात तिथल्या बातम्या बघा. नकाशावर पूर्वेकडे सुंगाई कोलोकची आणखी एक सीमा दिसेल. पत्तानी, याला, नराथिवात हे तीन प्रांत 2004 पासून बाँबस्फोट आणि गोळीबाराने धुमसताहेत, प्रवास विम्याच्या अटींत त्यांची नावं शोधून बघा. मी त्या बाजूला लोकांना नेत नाही.

कागदपत्रांचं बोलतो. थायलंड 2024 च्या जुलैपासून भारतीयांना 60 दिवस व्हिसाशिवाय देऊ लागलं, मलेशियाची 30 दिवसांची सवलत डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाली आणि 2026 अखेरपर्यंत वाढवली गेली. हे दोन्ही आकडे राजकारणावर हलतात, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या पानावर पुन्हा बघा. त्याखेरीज दोन्ही देशांचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. थायलंडचं 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे, मलेशियाचं 1 जानेवारी 2024 पासून, आणि होडीने आलात तरी सुटका नाही. दोन्ही फुकट आहेत. शोधल्यावर वर येणारी आणि डॉलर मागणारी पानं सरकारी नसतात. मलेशियाचं कार्ड लिपेला पोहोचल्या दिवशी भरू नका, तिथं चार रात्री आहेत, तीन दिवसांचं गणित चुकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी भरा आणि छापील प्रत नाही तर निदान स्क्रीनशॉट ठेवा. परतीचं तिकीट क्वालालंपूरहून असलं की थायलंडच्या अधिकाऱ्याला नेहमीचा प्रश्न पडतो: "थायलंडमधून बाहेर कसं जाणार?" म्हणून लिपे-लंकावी फेरीचं तिकीट आधीच काढून तेही फाइलीत लावा. खर्चाला पैसे आहेत का असं विचारलं जाऊ शकतं, मी माणशी 20,000 बाथच्या किमतीचं परकीय चलन दाखवण्यापुरतं वेगळं ठेवतो.

आणि हे दोनदा वाचा. थायलंडमध्ये 2022 पासून गांजाची दुकानं पानपट्टीसारखी उघडली, 2025 मध्ये नियम पुन्हा आवळले, तरी दुकानं दिसतीलच, गोळ्या-बिस्किटंही दिसतील. मलेशियात अमली पदार्थांच्या व्यापाराला आजही फाशी होऊ शकते. फाशीची सक्ती 2023 मध्ये गेली, शिक्षा गेलेली नाही. लिपे सोडायच्या आदल्या रात्री सॅकचा प्रत्येक कप्पा स्वतः उलटा करा, आणि डॉर्ममध्ये ओळख झालेल्या कुणाचीही पिशवी सीमेपलीकडे नेऊ नका, तो नाशिकचा निघाला तरी.

लंकावीला दोनच रात्री दिल्या म्हणून रागावू नका. 1987 पासून करमुक्त बेट आहे, त्यामुळे मलेशियात महाग असलेली दारू आणि चॉकलेटं इथं स्वस्त. केबल कार आहे, खारफुटीतली सफर आहे. पण लिपेच्या पाण्यानंतर इथला समुद्र फिका वाटतो, हे माझं मत. बेट केदाह राज्यात येतं, तिथं आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, बँकेचं काम असेल तर ध्यानात ठेवा. लंकावीहून फेरीने क्वाला पर्लिस किंवा क्वाला केदाह, तिथून टॅक्सीने आराउ किंवा आलोर सतार स्टेशन, लोकलने बटरवर्थ. हाच किनारा चोळांच्या शिलालेखांतला कडारम, जिथं 1025 मध्ये राजेंद्र चोळाचं आरमार धडकलं. भारतातून आलेली गलबतं वारा पालटेपर्यंत याच पट्ट्यात थांबून राहत. तुमचं वेळापत्रक जो वारा ठरवतोय, त्यांचंही तोच ठरवायचा.

बटरवर्थला स्टेशनातून चालत जेट्टी, दोनेक रिंगिटमध्ये फेरी, आणि समोर पेनांगचं जॉर्ज टाउन. चार रात्री मी मुद्दाम दिल्या आहेत, कारण इतक्यात तुम्ही शाकाहारी म्हणून थकलेले असाल. थायलंडमध्ये 'शाकाहारी' हा शब्द पुरत नाही. भाजी दिसते निव्वळ भाजी, पण तिच्यात नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी, नाही तर कालवांचा सॉस, आणि दक्षिणेत कापी म्हणजे आपल्या जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचा आंबवलेला लगदा असतोच. कोकणात वाढलेल्या माणसाला तो वास घरचा वाटतो, तुम्हाला वाटणार नाही. 'जे' हा शब्द वापरा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर, दुरून 17 लिहिल्यासारखं दिसतं. तिथं मांस-मासे-अंडी-दूध काही नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही, त्यामुळे आपल्या जैन मंडळींनाही बऱ्यापैकी चालतं. बेटांवर ही पताका दुर्मीळ आहे. त्रांगच्या बाजारातून शेंगदाणे, केळी, बिस्किटं भरून घ्या आणि घरून मेतकूट, चटणी न्या. पांढरा भात सगळीकडे मिळतो. पेनांगला पोहोचलात की लिटल इंडियात केळीच्या पानावर सांबार-भात, तोसाई म्हणजे आपला डोसा, आणि सकाळी मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांच्या टपरीवर डाळीत बुडवून रोटी चनाय. तव्यावर पीठ आपटून हवेत फिरवणारा बल्लव बघत बसा, पहिली पुरणार नाही. तिथल्या प्रसिद्ध आसाम लाक्सा या आंबट नूडल-सूपमध्ये मात्र मासा असतो.

पैशाचं. डिसेंबरात दोघांना, पंख्याची साधी खोली, टपरीवरचं जेवण, होड्या-गाड्या धरून सरासरी 2,500 ते 3,000 बाथ रोज लागतील असं धरा. बाथ पावणेतीन रुपयांच्या आसपास धरला तर दिवसाला सात-आठ हजार रुपये, वीस दिवसांचे दीड लाखाच्या आसपास, विमान वेगळं. बचत करायची तर खोलीत करा, होडीत करू नका. थाई एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी 220 बाथ किंवा जास्त कापतं, म्हणून थोडं-थोडं काढू नका. मुकला जायच्या आधी रोख भरून घ्या.

स्कूटर भाड्याने घ्याल. दोन्ही देशांत रस्त्याची डावी बाजू आपलीच, त्यामुळे हात लगेच बसतो, आणि तोच धोका. निघायच्या आधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, त्यावर दुचाकीचा वर्ग आहे ना ते पाहा. तो नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. अनामत म्हणून पासपोर्ट देऊ नका, रोख द्या. गाडी घेताना तिच्या चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, दुकानदार फ्रेममध्ये दिसेल असा.

आता तुमची बायको. पोहता येत नाही म्हणून काही अडत नाही. स्नॉर्केलिंग लाइफ जॅकेट घालूनच करायला लावा, नावाड्याकडे जॅकेट नसेल तर होडी बदला. आदल्या दिवशी लांताच्या उथळ पाण्यात, कमरेइतक्यात उभं राहून, मुखवटा लावून नळीतून श्वास घ्यायचा सराव करा. घाबरणारी माणसं पाण्याला भीत नाहीत, नाक बंद झाल्याला भितात. लाल झेंडा दिसला तर गुडघ्याच्या वर जायचं नाही, हे तुम्हालाही लागू.

आणि मुकची थाम मोराकोत, पाचूची गुहा, चुकवू नका. कड्याच्या पोटात समुद्रसपाटीला एक भोक, आत सुमारे ऐंशी मीटरचा बोगदा. जॅकेट घालून पाण्यावर नुसतं तरंगत, पुढच्याच्या जॅकेटचा पट्टा धरून आत जायचं. मधल्या वळणावर पुरता अंधार होतो, छताला पाणी चाटल्याचा आवाज येतो, आणि मग पुढे हिरवा उजेड फुटतो. बाहेर पडता ते चारी बाजूंनी उभ्या कड्यांच्या आत, वर आभाळ, खाली हातभर वाळूचा किनारा. गावातल्या नावाड्याशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवा, टूरच्या मोठ्या बोटी यायच्या आत, सकाळी लवकर. भरतीला बोगद्याचं तोंड भरतं, तेव्हा आत जायची वेळ त्याला ठरवू द्या आणि बाहेर निघायची वेळही त्यालाच विचारून घ्या. फोन होडीत ठेवा. टॉर्च एकच पुरतो, तो तिच्या हातात द्या.